खंडेनवमीला अडलेला ठिपका

खंडेनवमीच्या दुपारी माझा लॅपटॉप खुरपी, विळे, कुऱ्हाड आणि ट्रॅक्टरचे पाने यांच्या पंगतीत पाटावर बसला होता. त्याच्या सांध्यात झेंडूचं फूल खोवलेलं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणते त्यांनी, झाकण मुद्दाम उघडं ठेवलं होतं. झाकलेल्या हत्याराची पूजा देवीला पोचत नाही, असं त्यांचं मत. मी स्वयंपाकात गुंतले होते तेवढ्यात त्यांनी हळद, कुंकू, मूठभर अक्षता असं सगळं यथासांग उरकलं. कौतुकानंच केलं, हे मला कळत होतं. पण लॅपटॉप मला त्याच दिवशी हवा होता, आणि आमच्या घरात खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचलत नाही.

मी नळदुर्गला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. त्या वर्षी लघुग्रह शोधायच्या एका उपक्रमात मी नाव दिलं होतं. मोठ्या दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार फोटो आपल्याकडे येतात. ते पडद्यावर एकापाठोपाठ एक दाखवत राहायचे. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकतो तो लघुग्रह. आदल्या दिवशी मला एक ठिपका सरकताना दिसला होता आणि माझ्याकडच्या, आधी सापडलेल्या लघुग्रहांच्या यादीत तो नव्हता. अहवाल पाठवायची मुदत नवमीच्या संध्याकाळी संपत होती. लग्न होऊन आल्यापासून मी बघतेय, ह्या घरात सोयाबीनपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळ्याची चर्चा होते. मी काय करते असं कुणी विचारलं, तर मामांचं उत्तर दोन शब्दांचं: “कॉलेजात जाती.” मला तो ठिपका हवा होता. हट्टानं हवा होता.

“मामा, थोड्या वेळासाठी घेते.”

“ट्रॅक्टर उभाय. खुरपं बसलंय. आन तुझंच एकटीचं काम अडतंय व्हय?”

“आज मुदत संपतीय.”

“आभाळातलंच काम हाय न्हवं? मग आभाळ उद्या कुठं पळून जातंय?”

उपवासाचे शेंगदाणे खात बसलेल्या माझ्या नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाचा तोडगा काढला. “उचलायचं न्हाय एवढंच ना? मग तिला तिथंच बसून करू द्या.” मामांनी बराच विचार केला. शेवटी पाटावरून तसूभरही हलवायचा नाही, ह्या अटीवर ते कबूल झाले आणि राखणीला स्वतः शेजारी बसले.

मग मी पाटासमोर मांडी घालून बसले. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाड, नाकात उदबत्तीचा धूर. ते फोटो उघडायचं सॉफ्टवेअर बटणांनीही चालतं, पण आम्हाला एका ओळीचा हुकूम शिकवला होता. आधी सॉफ्टवेअरचं नाव, मग चारही फोटोंची नावं, मग ‘स्केल’, ‘ब्लिंक’ अशा सूचना, आणि प्रत्येक सूचनेच्या आधी एक आडवी रेघ. मी झरझर टाइप केलं. उत्तर आलं: ‘स्केल’ नावाची फाइल सापडत नाही.

अरे, मी कुठं मागितली होती ती फाइल? पण मशीन असल्या ठाम आवाजात बोलतं की शिकलेला माणूस मुकाट्यानं शरण जातो. मी ती फाइल शोधायला लागले. सगळे फोल्डर पालथे घातले. कचऱ्याच्या टोपलीत डोकावले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फाइल काही सापडेना, कारण ती जन्मालाच आली नव्हती.

“देवी न्हाय म्हनतीया,” मामा म्हणाले.

“देवी नाही, सॉफ्टवेअर म्हणतंय.”

“मंग दोघांचं एकमत दिसतंय.”

चिडून मी आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना फोन लावला. ह्या गृहस्थांकडे सर्व रोगांवर एकच औषध: बंद करून परत चालू करा. पाटावरच बंद केला, पाटावरच चालू केला. तेवढ्यात मामांनी आणखी एक उदबत्ती ओवाळून घेतली. फाइल सापडत नाही ती नाहीच. सर म्हणाले, हुकूम वाचून दाखवा. मी धडाधडा म्हणून दाखवला.

“बरोबर आहे की,” सर म्हणाले.

“बरोबर आहे तर चालत का नाही?” माझा आवाज चढला. “तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा!”

सरही तापले. “मॅडम, तुमी पाठ म्हनताय. पडद्यावर बोट ठेवा आन एकेक अक्षर बघून वाचा. पहिलीतल्या पोरागत.”

मी बोट ठेवलं. स्केलच्या आधी रेघ नव्हती. ब्लिंकच्या आधीही नव्हती. पडद्यावर नसलेली रेघ मी मघापासून खणखणीत आवाजात वाचत होते! रेघ नसली की सॉफ्टवेअर सूचनेलाच फाइलचं नाव समजतं आणि शोधत बसतं. रेघेचं बटण दाबलं तर ते खाली जाईना. वाकून बघितलं तर त्याच्या कडेखाली कुंकवानं माखलेला तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता.

मी मामांकडे बघितलं. मामांनी समईकडे बघितलं.

“उद्या उत्तरपूजा झाल्यावर म्या एकेक दाना येचून काढला असता,” ते म्हणाले. “तुलाच लई घाई.”

“तुम्ही टाकलाच नसता तर?”

“अक्षतांबिगर पूजा व्हती का कुठं?”

लॅपटॉप उलटा करायची सोय नव्हती, म्हणून केसांतला आकडा काढून मी दाणा उचकटला. हुकूम पुन्हा दिला, आणि चारही फोटो एकदम उघडले. एकामागून एक लुकलुकायला लागले. करड्या पडद्यावर सगळे तारे गप्प, आणि कोपऱ्यात माझा ठिपका तुरुतुरु चालला होता.

“हालतंय की गं!” मामा गुडघ्यावर उठून बसले. “कुनाचाय ह्यो?”

“अजून कुणाचा नाही. बहुतेक.”

दिवेलागणीच्या आत अहवाल गेला. मुदतीत गेला.

दसऱ्याच्या सकाळी उत्तर आलं. सहभागाबद्दल आभार मानले होते आणि कळवलं होतं, की हा लघुग्रह पूर्वीच सापडलेला आहे, त्याला क्रमांकही दिलेला आहे. मी न्हाणीघरात जाऊन रडले. लघुग्रहासाठी रडणारी नळदुर्गातली मी पहिलीच असेन, तेवढा तरी मान माझा. घरात कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी शिलंगण झालं. आपट्याची पानं वाटायला मामा निघाले, त्यांच्या मागं मी. पहिल्याच घरी पाया पडून घेता घेता मामा म्हणाले, “आमच्या सूनबाईनं आभाळातला दगड धरलाय. म्या सोता बघितला, हालत हुता.” दुसऱ्या घरी दगड मोठा झाला. त्याच्या पुढच्या घरी चहा येईपर्यंत तो आमच्या शेताएवढा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीत आल्यावर मी त्यांना थांबवलं.

“मामा, नका सांगू कुणाला. तो आपला नाही. आधीच कुणाला तरी सापडलेला होता. सकाळीच कळलं मला.”

मामा उभे राहिले. हातातल्या पानांची जुडी त्यांनी माझ्यापुढं धरली.

“हे काय हाय?”

“सोनं.”

“खरं हाय व्हय?”

“नाही.”

“म्हून कुनी घेयाचं ऱ्हातंय का?” एवढंच बोलून ते समोरच्या दारात शिरले आणि चप्पल काढता काढताच त्यांनी सुरुवात केली, “आमच्या सूनबाईनं...” तोवर सगळीकडं मी दाराशीच थांबत होते. ह्या घरी मी आत जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.