शामरावांना बोलायला शिकवणारी
टेप अर्ध्यावर आली आणि गयाबाईंचे ओठ हलू लागले. शामरावांचं वाक्य स्पीकरमधून येण्याआधी त्यांच्या ओठांवर येत होतं.

शामराव नागपुरातल्या गिरणी कामगारांचे पुढारी. ते जाऊन चार वर्षं झाली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी मानसशास्त्राची लेक्चरर, त्यांच्या आयुष्यावर पेपर लिहीत होते. थिअरी साधी होती. माणूस दुसऱ्याला पाहून शिकतो, छोट्या गोष्टी साधल्या की ‘मला जमतं’ असा विश्वास येतो, त्यातून स्वभाव घडतो. ज्याला पाहून शिकतो, तो ‘मॉडेल’. माझ्या कागदावर मॉडेल म्हणून युनियनचे जुने अध्यक्ष होते. शामराव स्वतः तसं सांगत. थोरल्या बहिणीकडे, गयाबाईंकडे, मी फक्त त्यांचं जन्मसाल विचारायला गेले होते. भावाचा आवाज ऐकायचाय म्हणाल्या, म्हणून त्यांच्या भाषणाची टेप लावली.

मी बटण दाबून थांबवली. “भाषण पाठ आहे तुम्हाला?”

“पाठ काहून नसन? माह्यंच होय थे.”

लहानपणी शाम बोलताना अडखळायचा. गयाबाई बिडी कारखान्यात होत्या. बायकांना प्यायला पाणी मिळावं म्हणून त्या मालकासमोर बोलायच्या, तो दारात बसून ऐकायचा. घरी आल्यावर त्या तीच वाक्यं त्याच्याकडून म्हणवून घ्यायच्या. आधी एक, मग दोन.

“सभेत तुम्ही कधी बोललात?”

“नाही वं पोरी. मी मांगं बसून राहायची. टाळ्या पडल्या का वाटे, आता बलावते मले, आता बलावते.” त्यांनी टेपकडे बोट केलं. “लाव न पुन्हा. त्याचा आवाज तं आयकू दे.”

माझे पीएच.डी.चे गाइड म्हणाले, “ऐकून ऐकून पाठ झालं असेल. पुरावा काय?”

मी त्या कारखान्यातल्या दोन म्हाताऱ्या शोधल्या. टेप ऐकताच एक हसली. “हे तं आमच्या गयीचं बोलणं होय!”

सरांनी मॉडेल बदलू दिलं. पेपर छापून आला. मी तो गयाबाईंना वाचून दाखवला.

“माह्यं नाव कुठी हाय?”

माहिती देणाऱ्याचं नाव छापायचं नाही, असा आमचा रिवाज. तिथं ‘थोरली बहीण’ असं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या दोन शब्दांवरून हात फिरवला आणि चहा टाकायला उठल्या.

तेव्हापासून मुलाखतीआधी मी एक प्रश्न जास्तीचा विचारते: नाव छापू का? बहुतेक जण हो म्हणतात.