पाय दिसले पाहिजेत

साल दोन हजार चोवीस. माघ सरत आला होता. ज्वारीची काढणी चालू होती आणि मेंढरं खतासाठी मोकळ्या रानात बसायला लागली होती. त्या दिवसांपासून आमच्या घरात किस्से साठत गेले.

मेंढरू गवतातून गेलं की लोकरीत कुसळं अडकतात. तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. संध्याकाळी हात फिरवला की कळतं, बरीच झालीत. किश्श्यांचं तसंच आहे. मी फार बोलणारा माणूस नाही. पण पारावर बसलं की लोक विचारतात, म्हणून सांगतो.

आमचं गाव पालमजवळ. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. माझी नात रोहिणी पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला होती. त्या माघात ती बॅग घेऊन आली आणि म्हणाली, आता इथूनच काम करणार. सोबत सादिक. हा पिंगळीचा, तिच्याच कॉलेजातला. आम्ही लोकर ठेवायचो ती खोली दोघांनी झाडून काढली आणि टेबलं मांडली.

काम काय, तर गेम बनवायचा. खेळणारा मेंढपाळ. पण हा मेंढपाळ पडद्यावर दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. पुढं मेंढरं, माळ, बाभळी, आणि हातातली काठी. याला फर्स्ट पर्सन म्हणतात. मी तो शब्द विचारून घेतला. ज्या कामात आपला सल्ला घेतात, त्याचं नाव आपल्याला आलं पाहिजे.

आता किसनबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

किसन माझा जोडीदार. आम्ही एकाच माळावर मेंढरं राखली. जवानीत एकदा ओढ्यात माझा पाय मोडला. किसननं मला पाठीवर घेतलं आणि आमच्या उंबऱ्यापाशी आणून ठेवलं. तेव्हापासून तो माझ्याकडं भाडं मागायचा. लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की सुरू. "बाप्या, एसटी बी फुकट नेत न्हाई. माझं भाडं कधी देतोस?"

एकदा मी चांगला मेंढा देऊ केला. घेतला नाही. म्हणाला, "पाठीवर आणलंय, पाठीवरच फेड." मी म्हणालो, धडधाकट माणसाला कशाला उचलू?

त्या माघाच्या आदल्या उन्हाळ्यात किसन शेळ्यांना पाला तोडताना बाभळीवरून पडला. कंबर गेली. हात चालतात, पाय नाहीत. आता तो ओसरीवर खाटेवर असतो. आणि माझी पाठ आता माणूस उचलण्याजोगी राहिलेली नाही. पण भाडं तो मागतच राहिला. मला ते झोंबायचं. मी कोणाचं काही ठेवून घेतलेलं नाही.

* * *

गेम थोडा तयार झाल्यावर रोहिणीनं माझ्या हातात रिमोट दिला. त्याला वेगळं नाव आहे, मी रिमोटच म्हणतो. अंगठ्यानं ढकललं की माणूस चालतो. मी मेंढरं हाकत थेट पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळापर्यंत गेलो. देऊळ हुबेहूब केलं होतं. दारात थांबलो.

"आबा, आत जा की," रोहिणी म्हणाली.

"पायात वहाणा हायत का न्हाईत, ते दिसंना."

मी मान खाली केली. म्हणजे गेममधली. खाली नुसती जमीन.

सादिकनं समजावलं की अशा गेममध्ये बऱ्याचदा पाय करतच नाहीत. हात दाखवले की भागतं. खेळणाऱ्याचं लक्ष पुढं असतं. "तुम्हाला पायच नाहीत, आबा," तो म्हणाला.

मी रिमोट खाली ठेवला. "पाय न्हाईत, तर मी हितवर आलो कसा?"

 त्या दिवशी मी देवळात गेलो नाही.

* * *

मग पाय आले. तयार पाय विकत मिळतात म्हणे. सादिकनं ते आणून बसवले. मी खाली बघितलं, तर गुडघ्याखाली जाडजूड बूट. शिपायाचे.

मी विचारलं, मेंढरं राखायची का सरहद्द?

तेव्हा रोहिणीनं माझ्याच पायांचे फोटो काढले. टाचेच्या भेगा, वाकडा अंगठा, सगळं. जमिनीवर झोपून काढले. जाणारा-येणारा दारातून डोकावून जायचा. एकानं तर विचारलं, साप चावला का?

* * *

वहाणा काढायचं बटण सादिकनं केलं. मी देवळाच्या पायरीशी बटण दाबलं, वहाणा नीट बाजूला राहिल्या. आत गेलो, दर्शन घेतलं, बाहेर आलो.

वहाणा गायब.

मी रिमोट ठेवला, उठलो आणि दाराबाहेर जाऊन बघितलं. माझ्या वहाणा होत्या तिथंच होत्या. परत आलो तर दोघं टेबलावर डोकं ठेवून हसायलेले. सादिक म्हणाला, खऱ्या देवळापुढून चोरीला जातात, म्हणून गेममध्येपण घातलं.

मी पुन्हा बाहेर गेलो. वहाणा उचलल्या, आत आणल्या आणि माझ्या खुर्चीखाली ठेवल्या.

* * *

एक दिवस त्यांनी सावली आणली. आमच्या कामात सावली म्हणजे घड्याळ, म्हणून मी मागितली होती. ऊन मागं घेऊन मी माळावर उभा राहिलो. पुढं माझी सावली. धड, हात, काठी. मुंडकं नाही.

मी आपल्या मानेला हात लावून बघितला. सावलीला मुंडकं दिसलं नाही की मरण जवळ आलं म्हणतात.

रोहिणीनं कारण सांगितलं. या गेममध्ये डोळे जिथं असतात तिथं डोकं ठेवलं, तर आपल्याच डोक्याची आतली बाजू दिसत राहते. म्हणून डोकं काढून टाकलेलं. ते सावलीतूनही गेलं. दोन दिवसांत बसवते, म्हणाली.

आमची म्हातारी चहा घेऊन आली होती. तिनं पडदा नीट बघितला. सावली कोणाची ते विचारून घेतलं. मग कप ठेवत म्हणाली, "ह्यात नवीन काय? ह्यांला डोकं न्हाई, हे मी लग्नापासून सांगायलेय."

पुढं मुंडासं घातलेलं डोकं आलं. पण म्हातारी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधीची सावली दाखवा म्हणायची. रोहिणीनं ती तिच्यासाठी जपून ठेवली आहे.

* * *

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, चालताना माणसाची मान हलते, पडदा का हलत नाही? सादिक म्हणाला, "नका आबा, त्रास होईल." मी म्हणालो, आयुष्यभर चाललोय, मला चालण्याचा त्रास होत नाही.

त्यांनी हलवला. मी ओढ्यापर्यंत गेलो. मग खाटेवर गेलो. दुपारचं जेवण गेलं ते वेगळंच.

रोहिणी पंख्यानं वारा घालत म्हणाली, खरं चालताना मान हलली तरी डोळे ते सावरून घेतात, म्हणून आपल्याला कळत नाही. मी म्हणालो, सकाळची वांगी बाधली असतील.

दुसऱ्या दिवशी पडदा हलत नव्हता. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

* * *

कोकराचा आवाज सादिकनं आमच्याच मेंढरांच्या वाड्यातून भरून घेतला होता. पडद्यावर कोकरू चुकलं की ते ओरडायचं. एकदा त्यानं स्पीकर मोठा केला आणि कोकरू ओरडू दिलं.

वाड्याचं कुडाचं दार मोडल्याचा आवाज आला. मग खोलीत मेंढ्या शिरल्या. एक थेट पडद्यामागं जाऊन कोकरू हुडकायला लागली. बाकीच्या वायरी हुंगायल्या. सादिक टेबलावर चढलेला, तिथूनच ओरडला, "आबा, गेम पास झाला!"

कोकराची आई कोणती ते मला तेव्हाच कळलं. पडद्यामागची. तिला बाहेर काढायला लय वेळ लागला.

* * *

किसन मात्र गेम बघायला येईना. सादिक खुर्चीत बसवून आणायला तयार होता. किसन म्हणायचा, "ज्याला चालता येतं त्यानं खेळावं."

मी रोहिणीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, गेममध्ये किसनचे पाय कर.  ती मोबाईल घेऊन किसनकडं गेली.

किसनचा डावा पाय ओळखू येण्यासारखा. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, जन्मापासून. घोट्याला काळा दोरा. रोहिणी फोटो काढायला बसली तसा तो म्हणाला, "बंद पडलेल्या गाडीचे फोटो कशाला, पोरी? गिऱ्हाईक आलंय का?"

ती म्हणाली, "आलंय, किसनआबा."

मग ती माझ्याकडून तो ओढा समजून घ्यायला लागली. माझा पाय मोडला तो. दगड कुठं, पाणी किती, चढ कुठून, गावात वाट कशी शिरते. मला सगळं सांगता आलं नाही. त्या दिवशी मी किसनच्या पाठीवर होतो. मला त्याच्या मानेशिवाय फार काही दिसलं नव्हतं. बाकीचं मग मी आणि सादिक चालून बघून आलो.

फाल्गुनात काम झालं. सादिक म्हणाला, पडद्याचा टीव्ही किसनकडं मोटरसायकलवर नेऊ. मी नको म्हणालो. घोंगडीत गुंडाळला, दोरीनं बांधला आणि पाठीवर घेतला. किसनचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पाराजवळ मला टेकावं लागलं. सादिक हात लावायला आला, त्याला मी लांब ठेवला.

किसन ओसरीवर होता. त्यानं मला लांबून येताना बघितलं होतं.

"काय आणलंस, बाप्या?"

"वझं."

"पाठीवर?"

"पाठीवर."

त्यानं माझ्या अंगावरची दोरी बघितली. मग म्हणाला, "हळू टेकव. मीबी तुला हळूच ठिवलं हुतं."

सादिकनं वायरी जोडल्या. रोहिणीनं किसनला रिमोट कसा धरायचा ते दाखवलं. पडद्यावर ओढा आला. किसननं आधी मेंढरं बघितली, मग चढ बघितला. म्हणाला, ओढा तर आपलाच हाय.

मी म्हणालो, "खाली बघ."

त्यानं बघितलं. पाण्यात दोन पाय. डाव्याचं बोट अंगठ्यावर चढलेलं. काळा दोरा ओला.

त्यानं हाताच्या अंगठ्यानं रिमोटवर हळूच ढकललं. पडद्यावर डावा पाय उचलला. मग उजवा. पाणी उडालं.

त्यानंतर किसननं मान वर केलीच नाही. काठ चढला तो खाली बघत. धुळीत पाय उमटायला लागले ते बघत. दगडावरून जाताना पाऊल वाकडं पडलं, तर हसला. मेंढरं बाजूच्या ज्वारीत शिरली. सादिक म्हणाला, "आबा, मेंढरं!"

"खाऊ दे," किसन म्हणाला. जन्मात त्यानं कोणाच्या पिकाला मेंढरू लागू दिलं नव्हतं.

पुढं तो कशाला तरी थडकला. तेव्हा कुठं वर बघितलं. बाभळ.

"तू हितंबी हायस का गं?" त्यानं तिला विचारलं, आणि रोहिणी हसता हसता खाली बसली. किसनही हसत होता. त्याची खाट हलत होती.

मग बाभळीला वळसा घालून तो वाटेला लागला. पांदीतून गावात, पारावरून, आमच्या गल्लीत. आमच्या उंबऱ्यापाशी तो थांबला.

मी म्हणालो, "बटण दाब. वहाणा काढ."

त्यानं दाबलं. वहाणा बाजूला राहिल्या. उंबऱ्यापुढं दोन अनवाणी पाय, किसनचे. तो ते बघत राहिला. मग रिमोट माझ्या हातात दिला.

"भाडं मिळालं," तो म्हणाला.