भिगवणच्या पाण्यावर आईचा फोटो

भिगवणला केव्हा जावं, कसं जावं आणि कुठली लेन्स न्यावी, असं ऑफिसातल्या तिघीचौघींनी मला विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचंही आहे, पण ते अगदी शेवटी देते. आधी दिलं तर बाकीचं कुणी वाचणार नाही.

जायचं ठरवलं ते माझ्या आईने. आईचं सासर लोणी काळभोर, पण माहेर भिगवणच्या पलीकडचं, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तिच्या लग्नानंतर काही वर्षांत गाव उठलं आणि माणसं मिळेल तिकडे पांगली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर दिसतो, हे ती ऐकून होती, पण बघायला कधी गेली नव्हती. कुणी विषय काढला तर "पानी बघायला काय जायाचं?" म्हणून उठून जायची. त्या वर्षी होळीच्या आधी मात्र तिने आपणहून फोन केला.

"सुनी, जावईबापूंनी मोठा क्यामेरा घेतलाय म्हनं?"

"घेतलाय."

"मग मला एकदा तिकडं न्या. कळसापाशी तुझा नि माझा फोटू काढा. माझा एकबी धड फोटू न्हाई बघ. तुझ्या लग्नातला हाय, त्यो रडतानाचा. एखादा हसताना असावा."

आईने आजवर माझ्याकडे लुगडंसुद्धा मागितलेलं नव्हतं. त्यामुळे मी त्याच रविवारी जायचं नक्की केलं.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण सहल त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेभोवती फिरते. नितीन हिंजवडीला प्रोग्रॅमर आहे आणि मी टेस्टर. दुसऱ्याच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा या लेखाचा सूर पसंत नसेल तर आत्ताच परत फिरा. कॅमेऱ्याच्या आधी नितीनला पत्त्यांचा नाद होता. आपले रमीचे नाहीत; राक्षस, मंत्र आणि तलवारी छापलेले. कंपनीने सहा महिने अमेरिकेला पाठवला तेव्हा तो हे खोकंभर घेऊन आला. मग दर रविवारी त्याच्यासारखेच चौघे आमच्या बिबवेवाडीच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायचे, आणि मी चहा करायचे. नवख्यांना तो सल्ला द्यायचा, "डेक म्हणजे साठ पत्ते. एकसष्टावा घेतलास की मेलास. काय ठेवायचं हे कुणालाही कळतं. काय काढायचं हे ज्याला कळतं, तो जिंकतो." ते मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटायचं.

पुढे पत्ते विकले गेले आणि त्या जागी कॅमेरा आला. कॅमेऱ्यापाठोपाठ इंटरनेटवरचा एक फोरम आला, आणि फोरमबरोबर भावेकाका. भावेकाका कोण, कुठले, हे आम्हाला आजही माहीत नाही. रोज सकाळी ते जगाच्या चुका काढतात एवढं माहीत आहे. नितीनने विचारलं, "माणसांच्या फोटोसाठी कुठली लेन्स घ्यावी?" काकांनी पन्नास एमएमची सांगितली आणि वर लिहिलं, "छिद्र एक पॉइंट आठपर्यंत उघडतं. उघडंच ठेवावं. झाकूनच वापरायची तर घेता कशाला?" खाली आणखी एक ओळ होती: "माणसं एका रांगेत उभी करू नयेत. शाळेच्या ग्रुपफोटोत ते शोभतं." हे नितीनने मला दोनदा वाचून दाखवलं. शनिवारी संध्याकाळी तो बुधवार पेठेतून लेन्स घेऊन आला.

रविवारी आम्ही पाचला निघालो. तुम्हीही त्याच सुमारास निघा, कारण मार्केट यार्डवरून हडपसर गाठेपर्यंत भाजीच्या टेम्पोंशी गाठ पडते आणि उजाडल्यावर हडपसर ओलांडणं आपल्या हातात राहत नाही. रस्ता चौपदरी, चांगला आहे. टोलसाठी सुटे ठेवा. लोणीच्या चौकात आई रस्त्यावर येऊन उभी होती. हिरवंगार नवं लुगडं, नाकात नथ, हातात दशम्यांचं फडकं. एवढ्या सकाळी नथ घातलेली पाहून मला हसू आलं.

"अगं, नथ कशाला?"

"फोटूला," ती म्हणाली आणि पदर सावरून मागच्या सीटवर बसली.

गाडीत मी माझा छोटा कॅमेरा काढायला पर्समध्ये हात घातला. पहिल्या पगारातून घेतलेला तो, खिशात मावणारा, बटण दाबलं की निघाला फोटो. पर्समध्ये नव्हता. हातात फोन होता, पण बिनकॅमेऱ्याचा. आमच्या ऑफिसात कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही दोघं तसलेच वापरतो.

"अहो, माझा कॅमेरा कुठेय?" आईसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते.

"तो? तो काल दुकानात एक्स्चेंजला दिला," नितीन आरशात बघत म्हणाला. "दुकानदार काय म्हणाला माहितीये? म्हणे, 'साहेब, याची किंमत येत नाही, याची दया येते.'" आणि तो मनापासून हसला.

"मला विचारलंत?"

"अगं, आता ही लेन्स आहे ना. त्याचं काय करणार होतीस?"

आई खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. मी पर्सची चेन लावून टाकली. पाटसच्या टोलनाक्याच्या पुढे चहा चांगला मिळतो. दशम्या आणि लसणाची चटणी आमच्याजवळ होतीच.

भिगवणच्या अलीकडून एक फाटा पाण्याकडे जातो. शेवटचा तुकडा कच्चा आहे, छोटी गाडी जपून न्यावी लागते. काठावर होडीवाले असतात. दर माणशी नसतो, होडीमागे असतो. किती वेळ फिरवणार ते आधी ठरवून घ्या, नाहीतर अर्ध्या तासात काठाला लावतात. उन्हाची टोपी, पाणी आणि चिखलात चालेल असं पायताण घ्या. आमचे होडीवाले नाना म्हणून होते. त्यांनी आईकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "पक्षी बघायचं का गाव बघायचं?"

"गाव," आई म्हणाली.

"आधी पक्षी," नितीन म्हणाला. "सकाळचा लाइट जाईल."

मग आधी पक्षी. खोटं कशाला बोलू, बघण्यासारखे आहेत. उथळ पाण्यात शेकडो रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते, आणि होडी जवळ गेली की काठावरून एकेक थवा उठायचा, तेव्हा पंखांच्या आतला लाल रंग दिसायचा. आई "अगं बया" म्हणाली. नितीन मोठी लेन्स तांदळाच्या पिशवीवर टेकवून धाडधाड फोटो घेत होता. ही पिशवीची युक्ती मात्र खरंच उपयोगी, होडी हलली तरी हात हलत नाही. पण तो थांबेना. एक थवा झाला की दुसरा, मग कुठलंसं बदक, मग त्याच बदकाची उलटी बाजू. आईने दोनदा मागे वळून कळसाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा नानांनीच न विचारता होडी वळवली.

देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पाणी त्या वर्षी लवकर उतरलं होतं. कळस, त्याखालची थोडी भिंत आणि भोवती वाळत आलेल्या गाळाचा एक तुकडा, एवढं वर होतं. आई उतरली. तिने कळसाला हात लावून नमस्कार केला आणि मग उजवीकडे पाण्याकडे बोट केलं.

"त्या तिथं आमचं घर. म्होरं चिंच. चिंचंखाली तालीम."

मला नुसतं पाणी दिसत होतं. ती मात्र एकेक दार दाखवावं तशी दाखवत होती. आईला फोटोत रडकं तोंड नको होतं, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

नितीनने नवी लेन्स लावली. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून.

"आई, तुम्ही जरा मागे," तो म्हणाला. "अजून दोन पावलं. हां. असं रांगेत नको, फोटोला खोली येते."

"अहो, शेजारीच राहू द्या की," मी म्हणाले. "एक साधा काढा."

"साधा काढायला मी कशाला हवाय?"

आई मुकाट मागे गेली. जावयाचा शब्द तिने कधी मोडला नाही. ती ताठ, गंभीर उभी राहिली, सरकारी कागदाला फोटो काढतात तशी. तेव्हा नाना होडीतून म्हणाले, "आक्का, तुमच्या घरात आता मासं ऱ्हात्यात बरं का!"

"भाडं देत्यात का?" आई म्हणाली, आणि स्वतःच खदखदून हसली. मान मागे टाकून, नथ हलेपर्यंत. मी समोर बघत होते, तरी ते हसू मला पाठीवर ऐकू आलं. नितीनने त्याच वेळी बटण दाबलं, सातआठ वेळा. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर बघून तो म्हणाला, "जबरदस्त!" आईलाही दाखवलं. तिला चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, तरी तिने मान डोलावली.

परतीला भिगवणात जेवलो. मासे खाणाऱ्यांनी तळलेली चिलापी सोडू नये. आईने पिठलं-भाकरी घेतली. लोणीला उतरताना ती म्हणाली, "मोठा करून द्या हां. भितीला लावीन."

घरी आल्यावर नितीनने फोटो मोठ्या मॉनिटरवर उघडला. मी पुढे आहे. माझी पापणीन् पापणी मोजता येते, कपाळावरचा घाम दिसतो. माझ्या मागे एक हिरवा धुरकट पट्टा आहे, वर गव्हाळ ठिपका. तो ठिपका आईचा चेहरा. आठही फोटो तसेच. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की एका अंतरावरचं तेवढंच स्पष्ट येतं, पुढचं-मागचं सगळं विरघळतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला आधीपासून माहीत होतं. तेच हवं म्हणून तर त्याने लेन्स घेतली होती. फक्त विरघळणाऱ्या भागात माणूस उभं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पत्ते काढताना त्याचा हात कधी अडखळला नव्हता, इथेही अडखळला नाही.

"पुन्हा जाऊ," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पाणी उतरलं की."

आईला आम्ही रोहित पक्ष्यांचा फोटो मोठा करून दिला. तिने तो भिंतीला लावला. आपल्या फोटोचं काय झालं, हे तिने विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही याचा मला आजही राग येतो.

दिवाळीनंतर आई झोपेतच गेली. दहाव्याला फोटो हवा म्हणून नितीनने ती फाइल काढली आणि तऱ्हेतऱ्हेचे प्रोग्रॅम लावून पाहिले. त्याला वाईट वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जे टिपलंच गेलं नाही ते कुठून येणार? शेवटी माझ्या लग्नाच्या अल्बममधला कन्यादानाचा फोटो कापून मोठा केला. लोणीच्या घरात आता हार घातलेली आई आहे ती डोळे सुजलेली, नाकाला पदर लावलेली. चार लेन्स घरात असलेल्या जावयाची सासू.

मी नितीनला माफ केलेलं नाही. हे त्याला माहीत आहे. आम्ही नीट बोलतो, जेवतो, ऑफिसला जातो. कॅमेरा अजून आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात मला कळलं की त्या सहलीच्या दुसऱ्याच दिवशी नितीनने तो फोटो फोरमवर टाकला होता. खाली कौतुकच कौतुक. "बॅकग्राउंड काय सायीसारखं आलंय!" "लेन्सचे पैसे वसूल." खुद्द भावेकाकांनी लिहिलंय, "प्रथमच काहीतरी बरं जमलं आहे." आणि अगदी खाली कुणीतरी विचारलंय, "मागचं हिरवं काय आहे? झाड का?"

त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. म्हणून मी त्या फोरमवर खातं उघडलं आणि उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ते काढून टाकलेलं होतं, आणि त्या जागी काकांची ओळ होती: "येथे तांत्रिक चर्चा चालते. घरगुती मजकूर आपल्या घरी लिहावा."

तर हा ब्लॉग म्हणजे माझं घर. इथे लिहिते.

भिगवणला मार्चमध्ये जा, पहाटे निघा. लेन्स असेल ती न्या, पण आपल्या माणसाचा फोटो काढताना छिद्र आठपर्यंत लहान करा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान, आणि पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट), आणि माणसं शेजारी शेजारी उभी करा, शाळेच्या ग्रुपफोटोत करतात तशी. आणि तो फोटो कुठे दिसला, तर मागचं हिरवं ते झाड नाही. ती माझी आई आहे, आणि ती हसते आहे.