तळ्यावर जायचा कोट

कानडी मुलखात, बनशंकरीतल्या एका दुकानात मी स्वेटर बघत होतो. तिथे एक वयस्कर गृहस्थ जाडजूड कोट, कानटोपी आणि हातमोजे चढवून स्टुलावर बसले होते. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. हातात छत्री गळासारखी धरून ते फरशीकडे टक लावून पाहत होते.

"सर, आता तरी काढा," विक्रेता काकुळतीला आला.

"स्वल्प थांब रे. यात बसवतं किती वेळ, ते बघतोय."

मला फोनवर मराठी बोलताना ऐकून ते आपणहून बोलू लागले. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतो. यंदा हेही त्याच्याबरोबर जाणार होते.

"मासे फार आवडतात वाटतं?" मी विचारलं.

"छे हो! आम्ही कांदा-लसूणसुद्धा खात नाही."

"मग?"

त्यांनी छत्री जरा वर उचलून पाहिली.

"फोन केला की तो मीटिंगमध्ये असतो. रविवारीसुद्धा. पण गळ टाकला की तासन्‌तास जागचा हलत नाही म्हणे. शेजारी जाऊन बसलो, तर बोलेल तरी."

मी विक्रेत्याला हाक मारली आणि विचारलं, "याहून जाड काही आहे का?"