फरशांचं तिकीट

पठारावरच्या गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत ‘चलासाहेब’. मोजक्या माणसांच्या लहानशा विमानाचा तो वैमानिक. घाटरस्त्यानं खाली शहरात जायला अख्खा दिवस मोडायचा, म्हणून धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या खोलीत नेहमी कुणीतरी गयावया करत उभं असे. कुणाची पेटी जास्त, कुणाची म्हातारी जास्त. तो विमानाभोवती एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, “चला.”

नियम त्याला तोंडपाठ होते. उन्हात हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, तेव्हा ओझं कमी करायचं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण ‘नाही’ म्हटलं की माणसाचं तोंड कसं पडतं, ते त्याला बघवत नसे. विमान दर वेळी धावपट्टी संपता संपता उचललं जायचं, आणि त्याला वाटायचं, हे आपल्या हाताचं कसब.

त्या उन्हाळ्यात त्याचा मेहुणा बायकोला घेऊन शहरात निघाला. मेहुण्याचा दगडी फरशांचा कारखाना होता आणि कुणा बिल्डरला नमुने दाखवायचे होते. फरशा कपड्यांच्या पिशव्यांत भरून सासू स्वतः सोडायला आली होती. तिसरी प्रवासी दवाखान्यातली नर्स, रजेवर घरी चाललेली. “माझी बॅग मी मांडीवर घेते,” ती म्हणाली, “तेवढाच विमानाचा भार हलका.” सगळे हसले.

पिशव्या मागच्या कप्प्यात गेल्या तसं शेपूट खाली बसलं. पुढचं चाक जमिनीला जेमतेम टेकलं होतं. ते त्यानं पाहिलं.

“आई, फरशा राहू देत. उद्या सकाळी गारव्यात नेतो.”

“उद्या तो बिल्डर थांबणार आहे का?” सासू म्हणाली. “जावईबापू, गावच्या सोम्यागोम्याला तुमच्या विमानात जागा होते. माझ्याच लेकाचं ओझं होतं होय?”

मेहुणा खाली बघत राहिला. शेवटी वैमानिकच म्हणाला, “चला.”

विमान धावलं, पण वेग येईना. थांबायचं तर वेळ टळून गेली होती, पुढे चर होता. त्यानं विमान उचललं. मागच्या वजनानं नाक आपसूक वर चढत गेलं. तो सगळा जोर लावून ते खाली दाबत होता आणि धोक्याचा भोंगा कोकलत होता. मग डावा पंख कलला. मेहुणा, त्याची बायको आणि नर्स जागीच गेले. तो वाचला, पण कमरेखाली मेला.

चौकशी अधिकाऱ्यानं दवाखान्यात येऊन सासूला विचारलं. “सामान त्यांनीच चढवलं,” ती म्हणाली. “मला विमानातलं काय कळतं?” शेजारच्या खाटेवर तो ऐकत पडला होता.  लायसन्स गेलं. ज्यांच्या पेट्या त्यानं फुकट वाहिल्या होत्या, ते आता म्हणू लागले, “भारी माजला होता.”

नर्सचे वडील येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. “माझ्या मुलीनं तिकीट काढलं होतं,” ते म्हणाले. “फरशांनी काढलं होतं का?” उत्तराची वाट न बघता ते निघून गेले.

लेक गेल्यावर सासू मुलीकडेच राहायला आली. त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर तिनं लेकाचा फोटो लावला, नजर हटवायला जागाच उरणार नाही असा. आल्यागेल्याला ती तिथेच बसवायची आणि पहिल्यापासून सगळं सांगायची. फरशा तेवढ्या गाळायची.

एकदा बायको त्याची लघवीची पिशवी बदलत असताना तो म्हणाला, “फरशा आईंनी चढवायला लावल्या. मी नको म्हणत होतो.”

“माहीत आहे. मी धावपट्टीच्या कुंपणापाशीच होते.”

“मग चौकशीत बोलली का नाहीस?”

तिनं हात धुतले, पुसले. “विमान आई चालवत होती का?”

त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

नवा वैमानिक माणसासकट सगळं काट्यावर चढवायचा. एकदा सासू शहरात जायला निघाली आणि दुपारीच परत आली, घामाघूम, दोन्ही हातांत पिशव्या.

“एक पिशवी ठेवून या म्हणाला मेला,” ती फोटोखाली बसत म्हणाली. “म्हाताऱ्या बाईची कीव नाही. मी म्हटलं, मग मी येतच नाही.”

“बरोबर केलं त्यानं,” तो खाटेवरून म्हणाला.

 बायकोनं आईला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन जेवल्या. भांड्यांचा आवाज त्याला ऐकू येत होता. ताट आलं ते दिवेलागणीला, गारढोण.