मदिनाचे तीन ठोके

कुसगावात जुन्या रस्त्याच्या वळणावर हमीदचं गॅरेज आहे, आणि गॅरेजच्या पत्र्याला पत्रा लावून मदिनाचं घर आहे. खरं तर दोन्ही एकाच संसाराची. पण गावात पत्ता सांगताना लोक असंच सांगतात. गाडी अडली की हमीदकडं जा, ब्लाऊज उसवला की मदिनाकडं जा. मधे एक भिंत, भिंतीत एक खिडकी, आणि त्या खिडकीतून गेली एकतीस वर्षं एकच हाक येत आलेली: "मदिना, ये गं जरा."

हाक आली की मदिना शिलाई मशीनचं चाक तळहातानं थांबवायची, सुई कापडातच राहू द्यायची, कोनाड्यातलं जुनं लाटणं उचलायची आणि पलीकडं जायची. जाताना एकदा तरी म्हणायची, "माझं काम काय काम न्हाई वाटतं." हे तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की हमीदला ते ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

हाक असायची ती व्हॉल्वसाठी. इंजिनाचं हेड उघडलं की त्यात व्हॉल्व दिसतात. प्रत्येक व्हॉल्वच्या दांडीवर एक ताठ स्प्रिंग, स्प्रिंगवर वाटीसारखी टोपी, आणि टोपी निसटू नये म्हणून दांडीच्या खाचेत दोन चिमुकले लॉक, हरभऱ्याच्या डाळीएवढे. व्हॉल्व काढायचा तर ती स्प्रिंग खाली दाबून धरायची आणि लॉक उचलून घ्यायचे. बसवताना तेच, उलट्या क्रमानं. स्प्रिंग काही भल्या माणसासारखी दबत नाही. तिला दाबायला हमीदनं लग्नाच्याच वर्षी एक हत्यार केलं होतं: भंगारातल्या जीपचा पाटा कापून त्याच्या मधोमध एक जाड कडं जोडलेलं, पाट्याचं एक टोक बाकाच्या बोल्टात अडकवायचं आणि दुसऱ्या टोकावर सगळा भार टाकून ओणवं व्हायचं. त्याला दोघं 'दाब्या' म्हणायचे. दाब्यावर हमीद एकदा ओणवा झाला की त्याचे दोन्ही हात, छाती आणि श्वाससुद्धा अडकलेला असायचा. मग लॉक उचलणार कोण?

मदिना. नव्या नवरीला त्या बाकापाशी उभं केलं ते जानू मिस्तरींनी. हमीद त्यांच्या हाताखाली शिकलेला. एकदा ते सहज आले होते आणि त्यांनी मदिनाला पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवताना पाहिलं. म्हणाले, "हमीद, तू बाहेर मानूस कशाला शोधतो रं? असली बोटं घरात हायेत की." तिला त्यांनी जवळ बोलावून दाखवलं: लॉकला आतून ग्रीसचा ठिपका लावायचा म्हणजे तो दांडीला चिकटतो, दोन्ही बसले की हमीदला हळू सोडायला सांगायचं, आणि शेवटी वर फडकं टाकून दांडीच्या टोकावर लाकडानं तीन ठोके द्यायचे. लॉक खाचेत नीट बसला नसेल तर तिथंच उडतो, फडक्यात सापडतो. मदिनानं लाकूड म्हणून घरातलं तडकलेलं लाटणं आणलं, आणि ते पुन्हा कधी पोळपाटावर गेलं नाही.

एकतीस वर्षांत तिच्या हातून एक लॉक हरवला नव्हता. गॅरेजात बाईमाणूस म्हणून सुरुवातीला लोक बघायचे, नंतर बघायचं विसरले. तिलाही कुणी विचारलं तर ती कुरकुरायची; पाठ धरते म्हणायची, साडीला काळं लागतं म्हणायची. पण खरी गोष्ट अशी होती की तिला ते काम आवडायचं, आणि कामापेक्षा तो वेळ. घरात हमीद म्हणजे जेवण, बातम्या आणि घोरणं. दाब्यावर ओणवा झालेला हमीद मात्र बोलायचा. दोघांची नजर स्प्रिंगवर, हात गुंतलेले, डोकी एकमेकांपासून वीतभर लांब. समोरासमोर जे बोलायला अवघड ते तिथं आपोआप निघायचं. पोरीला, अम्माराला, बारावीनंतर पुढं शिकवायचं, हे त्या बाकावर ठरलं. हमीदची आई गेली त्यानंतर तो पहिल्यांदा रडला तो एका मेटाडोरच्या तिसऱ्या व्हॉल्वला. मदिनानं डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून कोपरानं त्याचा खांदा ढोसला होता.

आता त्याच अम्मारानं घोळ घातला. शिकून ती तळेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली होती. यंदा जूनमध्ये ती एक लांबट खोका घेऊन घरी आली. आत इंग्रजी सी अक्षरासारखं वाकलेलं, चकचकीत हत्यार. एक टोक व्हॉल्वला खालून टेकवायचं, दुसऱ्या टोकाचं कडं टोपीवर, आणि मूठ फिरवली की स्क्रू स्प्रिंगला निमूटपणे दाबत नेतो. मूठ सोडली तरी दाबलेलंच राहतं. दोन्ही हात मोकळे.

"अब्बा, हे एकट्यानं होतं," अम्मारा म्हणाली. "अम्मीला आता वाकायला लावू नका. पाठ बघा तिची."

हमीदनं मूठ दोनदा फिरवली, पोरीकडं बघितलं आणि इतका हसला की त्याची पडलेली दाढ दिसली.

"बरं झालं बाई," मदिना म्हणाली. "सुटले मी." भाकरी थापता थापता ती पुन्हा एकदा म्हणाली, "सुटले." एकदा म्हणाली असती तर कुणीही विश्वास ठेवला असता.

दाब्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला गेला. लाटणं कोनाड्यात राहिलं. पंधरा दिवस हेडाचं काम आलंच नाही, आणि मदिनाला वाटलं, आलं की बोलावतील. सवयीनं तरी.

जुलैच्या मध्यावर भाजे गावचे नथूआबा त्यांचा पॉवर टिलर टेम्पोत घालून आले. आबांचा चेहरा उतरलेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाचरात इर्जिक होती. भाज्यातली आठ घरं मिळून एकमेकांची भातलावणी उरकतात; ज्याचं शेत त्याच्याकडं जेवण, आणि ज्याचा दिवस हुकला तो सगळ्यांच्या शेवटी. आबांची रोपं आधीच गुडघ्याला लागलेली. आठ दिवस थांबायची सोय नव्हती.

"हमीदभाय, उद्या सकाळी चिखलनी झाली पायजे," आबा म्हणाले. "नंदाबाईनं तीस मान्सांचा सैपाक धरलाय. वाटानं भिजत घातलं बग तिनं."

"वाटानं भिजू द्या आबा. दुपारपातुर देतो."

मदिना खिडकीपलीकडं ब्लाऊजला हूक लावत होती. तिनं नटांचा आवाज ऐकला, हेड बाकावर ठेवल्याचा आवाज ऐकला. ओळखीचे आवाज. मग मूठ फिरण्याचा नवा किरकिराट. लॉक बशीत टाकल्याची टिणटिण. तिनं मशीनचं चाक थांबवून ठेवलं होतं, उगीच. हाक आली नाही.

व्हॉल्व घासून झाले, पुसून झाले. पुन्हा किरकिर. हमीद एकटाच काम करत होता आणि चक्क शीळ घालत होता. शीळ ऐकून मदिनाला जे वाटलं ते सांगायला तिला लाज वाटली असती. नवरा म्हातारपणी ओणवा होण्यातून सुटला, आनंदानं काम करतोय, आणि आपल्याला त्याचा राग येतोय! पण येत होता. आता आपण त्या घरात जेवण, कपडे आणि हूक, एवढ्याच.

दुसऱ्या व्हॉल्वची मूठ सैल झाल्याचं तिनं ऐकलं. मग हमीद म्हणाला, "चला आबा, धरा हिकडनं. बसवू हेड."

मदिना ताठ झाली.

ठोके पडले नव्हते. एकही नाही.

हमीदला ठोके माहीत नव्हते असं नाही; जानू मिस्तरींनी त्यालाच आधी शिकवलं होतं. पण घरातली जी गोष्ट दुसरं कुणीतरी रोज करतं ती आपोआपच होते असं माणसाला वाटायला लागतं. हमीदला साखरेचा डबा कुठं असतो हेही ठाऊक नव्हतं, आणि तरी एकतीस वर्षं चहा गोडच मिळाला होता. ठोक्यांचं तसंच झालं होतं.

मदिना उठली आणि पुन्हा बसली. आपण आता गेलो तर काय दिसेल? बोलावलं नाही म्हणून नाक खुपसायला आली. बहुतेक लॉक बसलेलेच असतील. शंभरांत नव्वद वेळा बसतात. आणि नसले तर? चालत्या इंजिनात लॉक निसटला की व्हॉल्व आत पडणार, पिस्टनवर आदळणार, आणि मग टिलर उद्या काय, दिवाळीपर्यंत उठणार नाही. नंदाबाईचे वाटाणे तिच्या डोळ्यांपुढं आले.

तिनं लाटणं उचललं.

"थांबा," ती दारातून म्हणाली.

दोघं हेड धरून अर्धवट उभे. "काय गं?" हमीदनं विचारलं.

"ठेवा ते खाली. ठोकं कुनी द्यायचं?"

हमीदनं हेड बाकावर ठेवलं. मदिनानं पहिल्या दांडीवर फडकं टाकलं आणि तीन ठोके दिले. टक, टक, टक. काही नाही. आबांनी सुस्कारा सोडला. हमीदच्या चेहऱ्यावर, बघ, मी म्हटलं नव्हतं का, असं काहीतरी यायला लागलं होतं. तिनं फडकं दुसऱ्या दांडीवर टाकलं. पहिला ठोका. दुसऱ्या ठोक्याला फडक्याखाली काहीतरी फाडकन उडालं आणि अख्खं फडकं वीतभर वर उठलं.

आबा दोन पावलं मागं गेले. मदिनानं फडकं उलगडलं. आत स्प्रिंगची टोपी, आणि एक लॉक. दुसरा लॉक तिनं घडीतून नखानं काढला.

हमीद त्या दोन डाळींकडं बघत राहिला. मग त्यानं मानेवरचा घाम पुसला. "चष्मा लावायला पायजे हुता," तो म्हणाला.

"चष्मा हाय की. कपाळावर."

आबा हसायला लागले आणि त्यांचं हसू थांबेना, कारण ते घाबरलेही होते. हमीदनं नवं हत्यार पुन्हा लावलं, मूठ फिरवली आणि बाजूला झाला. मदिनानं ग्रीसचा ठिपका लावला, लॉक चिकटवले. "बसलं?" त्यानं विचारलं. "बसलं. सोडा हळू." मग तीन ठोके, पक्के. दुपारी दोनला टिलरनं पहिल्याच हँडलला धूर सोडला. दुसऱ्या दिवशी भाज्यातून उसळीचा डबा आला. त्यावर नंदाबाईनं निरोप धाडला होता की डबा हमीदला नाही, भाभीला द्यायचा.

तुम्हाला वाटेल, मग नवं हत्यार खिळ्याला गेलं आणि दाब्या परत खाली आला. तसं काही झालं नाही. अम्मारानं हौसेनं आणलेली वस्तू, आणि पाठी दोघांच्याही दुखत होत्या. पण त्या दिवशी हमीद मूठ सोडून बाजूला झाला तेव्हा मदिनाच्या एक गोष्ट लक्षात आली होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही.

ऑक्टोबरात कामशेतकडचा हनुमंत मळणीयंत्राचं इंजिन घेऊन आला. भात कापून खळ्यावर पडलेलं, त्याला घाई. हमीद भुशी धरणाच्या रस्त्यावर कुणा पाहुण्याची बंद पडलेली गाडी ओढून आणायला गेला होता. जाण्यापूर्वी त्यानं हेड उतरवून बाकावर ठेवलं होतं. तासाभरानं तो परतला तर बाक उन्हात ओढलेला, हनुमंत मोटारसायकलवर बसून भेळ खातोय, आणि मदिना एकटी उभी. नवं हत्यार हेडाला लागलेलं. ती दोन बोटांनी मूठ फिरवत होती. स्प्रिंग निमूट खाली जात होती. पाट्यावर अंग टाकायला माणूस लागत होता तोवर तिला हमीद लागत होता. आता ग्रीस तिचं, लॉक तिचे, ठोके तर तिचेच. अम्मारानं अम्मीला सोडवायला आणलेल्या हत्यारानं अख्खं काम अम्मीच्या हातात दिलं होतं.

एक व्हॉल्व बसवून झाला होता. ही दुसऱ्याची स्प्रिंग होती.

हमीद बाकाशी आला. त्यानं पाना उचलला, पुन्हा ठेवला. बशीतले लॉक मोजले; दोनच होते. "मी काय करू?" त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज जरा बारीक झाला.

मदिनाला जुलैमधली ती शीळ आठवली. खिडकीपलीकडं थांबवलेलं चाक आठवलं. तिला हवं तर ती म्हणू शकली असती, काही नाही, बसा. जिभेवर आलंही होतं.

"टॉर्च धरा," ती म्हणाली. "नीट दिसंना झालंय."

हमीदनं फळीवरून टॉर्च आणली आणि लावून धरली. हनुमंतनं भेळेचा कागद चुरगाळत विचारलं, "भाय, एवढ्या उनात टॉर्च?"

"तुला न्हाई कळायचं. तू भेळ खा," हमीद म्हणाला.

मदिनानं लॉकला ग्रीस लावलं. दोघांची डोकी वीतभर अंतरावर आली. "अम्माराचं काय म्हनत हुता सकाळी?" तिनं विचारलं, आणि हमीद बोलायला लागला.