मसुऱ्यातल्या विहिरीचा तळ

मसुऱ्याच्या मावशीने फोनवर पाठवलेला आवाजी निरोप सकाळी ऐकला. "गो बाय, तुझ्या सांगण्यार विहीर खोल घेतलंव. चिकण मातयेतसून पहार आरपार गेली, खाली सुकी वाळू. आज भोक मोठा करतले."

महिन्यापूर्वी तिच्या विहिरीचं पाणी उतरलं, तेव्हा फोनवरच मी सांगितलं होतं, "खोल घ्या." घरातली पहिली पदवीधर, तीही भूशास्त्राची. कोण शंका घेणार? आता तिचा फोन लागेना. फोंडाघाटहून मिळेल ती एसटी पकडली.

कणकवलीत गाडी बदलावी लागते. मसुऱ्याच्या फेऱ्या मोजक्या, वेळ आधी विचारून ठेवा. भराडीदेवीच्या जत्रेच्या दिवसांत तर उभं राहायलाही जागा नसते. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडसमोर गरम उसळ-पाव मिळतो. माझा अर्धा तिथेच राहिला.

पुढे नदीकाठी वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर केलेलं भात. हिरवंगार. एरवी फोटो काढले असते. आज नजर त्याच्या खालीच जात होती. शेतातलं पाणी झिरपून चिकणमातीच्या थरावर साठतं, परातीत साठावं तसं. मावशीची विहीर त्यावरच चालते. खरं भूजल बरंच खाली, मध्ये कोरडी वाळू. आणि मी परातीला भोक पाडायला सांगितलं होतं!

"इलंस? आधी पेज खा," मावशी खळ्यातूनच म्हणाली.

"नको, विहीर दाखव."

विहीर खोदणारे भिवाकाका काठावर विडी ओढत होते. "भोक मोठा नाय केलंय. पहार काढल्यार पाणी खाली जावक लागला. म्हटलं, शिकलेल्या बायेक विचारूया, पाताळ खंयपर्यंत आसा!"

"चुकलं माझं, काका. बुजवूया."

"पण मगे पाणी उतारला कशाक?" मावशीने विचारलं.

"वरच्या मळ्यात भात आहे ना?"

"औंदा पडीक आसा. तू खंय विचारलंस?"

म्हणजे वरून झिरपणारं पाणीच यंदा बंद होतं. दुपारभर तिघांनी चिकणमाती मळून भोकात ठासली. काकांनी पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेवरच होतं. खाली नाही, पण वरही नाही. परतीच्या गाडीपर्यंत मी तीनदा डोकावून आले.

घरी येऊन चार दिवस झाले. मावशीच्या मिरच्यांना पाणी पुरेल का, अजून कळत नाही. रोज फोन करते. काल तिनेच विचारलं, "वालीच्या शेंगांचो मांडव खंय घालू गो?"

ओठांवर उत्तर आलं होतं. गिळलं. "जागा बघून सांगते. रविवारी येते."

"ये. पण ह्या वेळेक पेज गरम आसताना खा."